ओ द्यायची नाही

"एकतीस," मी आईला म्हणाले. "दारापासून आपल्या बाकापर्यंत एकतीस फरश्या आहेत."

"हळू बोल," आई म्हणाली. "कोर्ट आहे."

"कोर्ट आत आहे. हा व्हरांडा आहे."

आईनं राखाडी साडी नेसली होती. ती साडी ती तारखेच्या दिवशीच नेसायची, घरी आल्यावर लगेच धुऊन टाकायची आणि पुढच्या तारखेपर्यंत तिच्याकडे बघायचीही नाही. मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत फाईल होती आणि फाईलवर दोन्ही हात. सकाळपासून तिनं काही खाल्लं नव्हतं. मी मात्र दोन वडे खाऊन आले होते, शाळेला दांडी होती, आणि माझ्याकडे एक काम होतं. मी अकरा वर्षांची होते आणि मला एक गूढ उकलायचं होतं.

गूढ असं होतं. बाबांनी अर्ज केला होता की दिवाळीच्या सुट्टीचे एकवीस दिवस मी त्यांच्याकडे राहावं, त्यांच्या नव्या फ्लॅटमध्ये, दुसऱ्या शहरात. त्या अर्जाच्या दोन तारखा होऊन गेल्या होत्या. दोन्ही तारखांना आई पहाटेच्या एसटीनं निघून साडेदहाला कोर्टात पोचली होती, दिवसभर बाकावर बसली होती, आणि दोन्ही तारखांना कागदावर लिहिलं गेलं होतं, 'गैरहजर'. मोफत सल्ला देणाऱ्या वकीलबाई वैतागल्या होत्या. "अहो, पुकारा झाला तेव्हा तुम्ही होता कुठे?"

"बाकावरच होते," आई म्हणाली होती. "पुकारा झालाच नाही."

"झाला होता. तीन वेळा होतो. या खेपेला गैरहजर लागलात तर त्यांचा अर्ज एकतर्फी मंजूर होईल, मग मी काही करू शकणार नाही. नाव ऐकलं की उभं राहायचं, हाजर म्हणायचं आणि आत जायचं. एवढंच करा. बाकीचं बघू."

यावेळी न्यायाधीशबाईंनी मला भेटायचं म्हणून सोबत आणायला सांगितलं होतं. म्हणजे मला प्रत्यक्ष जागेवर तपास करायला मिळणार होता. आदल्या दिवशी मी वहीत दोन शक्यता लिहून ठेवल्या होत्या. एक, पुकारणारा नाव चुकीचं वाचतो. दोन, आईच्या बाकापर्यंत आवाज पोचत नाही. पहिली शक्यता मी पोचल्यापोचल्या निकालात काढली. दाराशी दिवसाची यादी चिकटवली होती. त्यात सत्ताविसाव्या नंबरला स्वच्छ छापलं होतं, 'अविनाश दत्तात्रय शेलार विरुद्ध वैष्णवी अविनाश शेलार'. चूक कुठेच नव्हती. पुकारणारे शिपाईमामा चष्मा कपाळावर चढवून, यादी हातभर लांब धरून वाचायचे, पण वाचायचे खणखणीत.

राहिली दुसरी शक्यता. आमच्या बाकावरचा पंखा फिरताना खडखडत होता. मी डोळे मिटून मोजलं, सेकंदाला दोन खडखडाट. दहाव्या नंबरचा पुकारा झाला तेव्हा मला फक्त आडनाव ऐकू आलं.

"आई, सापडलं," मी म्हणाले. "पंखा. आपण पंख्याखाली बसतो म्हणून."

"इथे गर्दी नसते," आई म्हणाली.

"पुढे बसू. दाराजवळ."

"तिथे ते असतात."

ते म्हणजे बाबा. दाराशेजारी खांबाला टेकून उभे होते. पांढरा शर्ट, हातात माझ्यासाठी चॉकलेटचा मोठा डबा. आम्ही आल्यापासून त्यांनी एकदाही आवाज चढवला नव्हता की जवळ आले नव्हते. माझी नजर गेली की फक्त डबा थोडा वर उचलून दाखवायचे.

"पुढे बसा, बाई. पोरगी बरोबर सांगतेय."

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक बाई केव्हापासून कापसाच्या वाती वळत बसल्या होत्या. मांडीवर वर्तमानपत्र, त्यावर कापसाचा ढीग. त्या वातीवरून नजर न काढताच बोलल्या होत्या.

"पण पुढे बसलात तरी एक सांगते. इथे आपलं नाव आपल्याला ऐकू येत नाही. मला सात वर्षं झाली येऊन. पहिल्या वर्षी माझ्या तीन तारखा अशाच गेल्या. कानात नुसतं धडधड व्हायचं. मग आम्ही बायकांनी जोड्या केल्या. माझं नाव तू ऐक, तुझं मी ऐकते. दुसरीचं नाव बरोबर ऐकू येतं."

"तुमची जोडी कुठेय?" मी विचारलं.

"परवीन होती. मागच्या महिन्यात निकाल लागला तिचा. सुटली." त्यांनी नवी वात वळली. "आता मी बिनजोडीची आहे."

"मी ऐकते तुमचं नाव," मी म्हणाले. "मला सगळं ऐकू येतं."

त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. "नाव काय तुझं?"

"जुई."

"मी नंदा कोष्टी. नंबर एकोणीस. विसरशील?"

मी वही दाखवली. त्यात आतापर्यंतचे सगळे पुकारे वेळेसकट लिहिले होते. नंदामावशी हसल्या आणि आईला म्हणाल्या, "ही तुमची वकील का? मग माझी फी मी वातींत देईन. आणि बाई, तुमचा नंबर?"

"सत्तावीस," आई म्हणाली.

"नाव?"

आई जरा थांबली. "सिंधू."

"बरं. सिंधूताईंचं मी ऐकते."

आम्ही तिघी पुढच्या बाकावर गेलो. दारापासून चार फरश्या. बाबा खांबापासून हलले नाहीत, पण त्यांनी डबा उघडला, एक चॉकलेट काढून स्वतः खाल्लं आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. आईनं मला आपल्या दुसऱ्या बाजूला बसवलं.

आता मी तपासाला लागले. प्रत्येक पुकाऱ्याला आईकडे बघायचं असं ठरवलं. अकरा नंबर, कुणी मंदाकिनी. आईनं मान वर केली. तेरा, रुबिना. मान वर. बारा मध्येच राहिला होता, तो आता आला. मान वर. पंधरापर्यंत मी पाच खुणा केल्या, पाचही बरोबर. आईचे कान उत्तम होते. इथे पंख्याचा आवाज नव्हता. म्हणजे दुसरी शक्यता सिद्ध झाली आणि गूढ उकललं. मला इतका आनंद झाला होता की मला बाकावर बसवेना. आता फक्त सत्तावीस यायचा होता, आई उभी राहणार होती, हाजर म्हणणार होती, आणि एकवीस दिवस टळणार होते. ते सगळं माझ्यामुळे होणार होतं.

"नंदा कोष्टी," शिपाईमामा ओरडले.

"मावशी, तुमचं," मी त्यांच्या दंडाला हात लावला. त्या खरंच वाती वळतच होत्या. त्यांनी ऐकलं नव्हतं.

"बघा," त्या उठल्या, कापूस वर्तमानपत्रासकट माझ्या मांडीवर ठेवला. "सात वर्षं झाली तरी. सिंधूताई, मी आत्ता आले. तुमच्याला अजून तासभर आहे."

पण तासभर नव्हता. नंदामावशी आत गेल्या आणि लगेच शिपाईमामांनी पुढचे नंबर घेतले. वीसचे दोघेही आले नव्हते. एकवीसला पुढची तारीख. बावीस ते सव्वीस, सगळे गैरहजर. मी वहीत लिहीपर्यंत पुढचं नाव येत होतं. माझं पेन पंचविसावर असताना ते म्हणाले, "अविनाश शेलार, वैष्णवी शेलार."

बाबांनी शर्ट सारखा केला आणि आत गेले.

मी आईकडे बघितलं. तिनं मान वर केली नाही. सकाळपासून अनोळखी बायकांच्या नावांना वर झालेली मान या एका नावाला खाली होती. ती फाईलकडे बघत होती. तिच्या छातीचं वरखाली होणं थांबलं होतं.

"आई, आपलं."

तिचा डावा हात फाईलवरून उठला, माझ्याकडे आला आणि हलकेच माझ्या तोंडावर बसला. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. हात गार होता आणि त्याला प्लास्टिकचा वास येत होता.

"वैष्णवी शेलार," शिपाईमामा दुसऱ्यांदा म्हणाले. चार फरश्यांवरून. त्यांनी आमच्या डोक्यावरून लांबवर, खडखडत्या पंख्यापर्यंत नजर टाकली.

माझ्या वहीत तिसरी शक्यता नव्हती. माझ्या मांडीवर दुसऱ्या बाईचा कापूस होता, तोंडावर आईचा हात होता, आणि तो हात मला चांगला ओळखीचा होता. तो आला की गप्प बसायचं असतं हेही मला पाठ होतं. मी गप्प बसले.

"वैष्णवी अविनाश शेलार, हाजर आहे का कुणी?" तिसरी हाक. त्यांनी यादीवर पेन टेकवलं.

मी आईचा हात धरून खाली ओढला आणि उभी राहिले. कापूस सगळीकडे उडाला. "हाजर," मी ओरडले. "सिंधू तुकाराम वाघचौरे हाजर आहे."

शिपाईमामांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. "कोण सिंधू? सिंधूचा पुकारा नाही. खाली बस." आणि ते आत वळून म्हणाले, "मॅडम, सत्तावीसमध्ये सामनेवाली..."

"त्याच आहेत ह्या." नंदामावशी बाहेर येत होत्या. त्यांनी दारातच पाय रोवला. "पुढचा शब्द बोलू नका, मामा. पोरगी, आण आईला."

मी आईचा हात सोडलाच नव्हता. मी ओढलं तशी ती उठली. तिला चार फरश्या चालायला किती वेळ लागला ते मी मोजलं नाही.

आत खोली लहान होती. समोर उंचावर न्यायाधीशबाई, त्यांच्या खाली टंकलेखन करणारी मुलगी, भिंतीला एक लोखंडी कपाट. बाबा उजवीकडे उभे होते. आई डावीकडे, आणि मी तिच्या शेजारी.

"तुम्ही वैष्णवी शेलार?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

आईचे ओठ हलले. आवाज आला नाही.

"ही माझी आई आहे," मी म्हणाले.

"तुला विचारीन नंतर. बाई, मागच्या दोन तारखांना कुठे होता?"

"बाहेर. बाकावर."

"मग पुकारा ऐकू आला नाही? ऐकायला कमी येतं का तुम्हाला?"

मला वही उघडून पाच खुणा दाखवायच्या होत्या, पण वही बाकावर राहिली होती.

"मॅडम, मी बोलू का?" बाबा अगदी नम्रपणे म्हणाले. "ऐकायला सगळं येतं तिला. तिचं घरीसुद्धा असंच होतं. दहा हाका माराव्यात, एकदा ओ द्यायची नाही. आणि मुलीलाही तेच शिकवलं. माझी स्वतःची मुलगी मी हाक मारली तर ओ देत नाही. हेच मी अर्जात लिहिलंय. आई मुलीला बापापासून तोडतेय. सुट्टीत ती माझ्याकडे राहिली तर निदान..."

"हे तुमचं म्हणणं झालं."

"म्हणणं कशाला? बघा ना, समोर उभी आहे." ते आईकडे वळले, हसले, आणि हाक मारली. "वैष्णवी."

आवाज मोठा नव्हता. उलट मऊ होता, शेवटच्या अक्षरावर जरासा लांबवलेला.

यानंतरचं मी क्रमानं सांगू शकत नाही, कारण मधला तुकडा माझ्याकडे नाही. न्यायाधीशबाई म्हणाल्या, "मुलगी कुठे गेली?" एवढं मला पुन्हा ऐकू आलं. त्यांचा आवाज दुरून आला. माझ्या खांद्याला लोखंड लागत होतं आणि नाकात धूळ होती. मी कपाट आणि भिंतीच्या फटीत होते. दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं. उभी होते तिथून कपाटापर्यंत निदान सहा-सात फरश्या असतील. मी त्या मोजल्या नाहीत. मी चालल्याचंच मला आठवत नाही. बाहेर शिपाईमामांनी तेच नाव पुकारलं तेव्हा मी घाबरले नव्हते. मला वाटत होतं की मी तपास करतेय.

"खेळकर आहे," बाबा हसत म्हणाले. "लपाछपी. लहानपणापासून आवडते तिला."

"तुम्ही थांबा." न्यायाधीशबाई उठून उभ्या राहिल्या, म्हणजे त्यांना कपाटामागचं दिसावं. "बाळ, बाहेर ये. कुणी काही करणार नाही. तिथे का गेलीस?"

"माहीत नाही," मी म्हणाले. ते खरं होतं.

"बाबा हाक मारतात तेव्हा ओ देत नाहीस का तू?"

"नाही."

"कुणी सांगितलं तसं?"

मी आईकडे बघितलं. तिची मान खाली होती आणि डावा हात, जिथे मी मघाशी उभी होते तिथे, माझ्या तोंडाच्या उंचीवर, हवेत तसाच होता.

"आईनं," मी म्हणाले.

बाबांनी हात पसरले. बघा, असे.

"का सांगितलं? विचारलंस का कधी?"

मला हा प्रश्न सोपा वाटला. इतका सोपा की मोठ्या बाईंना तो का पडावा हे कळेना. "ओ दिली की कळतं ना," मी म्हणाले, "आपण कुठे आहोत ते."

टंकलेखन करणाऱ्या मुलीची बोटं थांबली. बाबांनी तोंड उघडलं, पण न्यायाधीशबाईंनी त्यांच्याकडे न बघता नुसता तळहात वर केला. मग त्या खाली बसल्या आणि सावकाश सांगू लागल्या. मुलगी टंकत गेली. "अर्जदारानं सामनेवालीला हाक मारली. सामनेवालीनं उत्तर दिलं नाही. तिनं श्वास रोखल्याचं दिसलं. मुलगी आईशेजारी उभी होती. हाक ऐकताच ती कुणीही न सांगता कपाटाआड गेली व तिनं स्वतःचं तोंड झाकलं." त्या थांबल्या. "पुढे मुलीचं वाक्य घ्या. तिच्याच शब्दांत."

आज मी कान तपासण्याचं काम करते. बंद खोलीत माणसाला बसवून वेगवेगळे आवाज ऐकवायचे आणि त्यानं काय केलं तेवढंच लिहायचं. का केलं ते लिहायचं नाही. आमच्या अभ्यासात एक गोष्ट पहिल्याच वर्षी शिकवतात. कितीही गोंगाट असला तरी माणसाचं स्वतःचं नाव त्याच्या कानाला बरोबर सापडतं. सरांनी ती सांगितली तेव्हा मी हात वर केला होता. मग विचारायचं काय हे न सुचून तो खाली घेतला. पण निरीक्षण कसं लिहायचं हे मी वर्गात शिकले नाही. ते मी त्या दिवशी, खांद्याला धूळ लागलेल्या अवस्थेत, उभ्या उभ्या शिकले.

अर्ज नामंजूर झाला. बाबांनी मला महिन्यातून दोनदा कोर्टातल्याच मुलांच्या खोलीत, समुपदेशक बाईंच्या समोर भेटायचं असं ठरलं. बाबा काहीतरी बोलत होते, मऊ आवाजातच. न्यायाधीशबाई आईकडे बघत होत्या.

"बाई, मुलीनं बाहेर दुसरं नाव घेतलं. काय ते?"

"सिंधू." आईचा आवाज आला. "माझं नाव सिंधू आहे. हे नाव लग्नात ठेवलं. ताटात तांदूळ पसरले आणि ह्यांनी अंगठीनं लिहिलं. मला आधी सांगितलं नव्हतं. तांदळात 'ष्ण' नीट उमटला नाही, मला वाचताच येईना. सासूबाई म्हणाल्या, वाच की, तुझंच नाव आहे." तिनं फाईल छातीशी धरली. "मला पुकारा ऐकू यायचा, मॅडम. खोटं बोलले मी वकीलबाईंशी. पण ती हाक आली की मी... मी उभी राहू शकत नाही."

"यापुढे पुकारा कोणत्या नावानं व्हावा?"

आईला प्रश्न कळायला वेळ लागला. मला लगेच कळला, पण मी बोलले नाही. तो माझा प्रश्न नव्हता.

"सिंधू तुकाराम वाघचौरे," आई म्हणाली.

बाहेर नंदामावशी फरशीवरून कापूस गोळा करत होत्या. "काय झालं?" त्यांनी विचारलं. आईनं सांगायचा प्रयत्न केला आणि तिला हसूच यायला लागलं. ती बाकावर बसून हसत राहिली, पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. नंदामावशींनी तिच्यासाठी चहा आणि दोन वडे मागवले. तिनं दोन्ही खाल्ले.

मूळ खटल्याची पुढची तारीख जानेवारीत होती. मला शाळा बुडवायची गरज नव्हती, पण मी गेले. आईनं राखाडी साडी नेसली नव्हती. तिनं पुढे बसायला नकार दिला आणि सरळ शेवटच्या बाकावर, खडखडत्या पंख्याखाली जाऊन बसली. एकतीस फरश्यांवर. बाबा खांबापाशी होते. नंदामावशी शेजारी वाती वळत होत्या आणि मी वही उघडून तयार होते.

"बाई, इथून काही ऐकू येणार नाही हं," नंदामावशी म्हणाल्या. "मी ऐकते तुमचं."

"राहू दे," आई म्हणाली.

शिपाईमामांनी चष्मा कपाळावर चढवला, यादी लांब धरली. पंखा खडखडत होता. मला फक्त "...चौरे" एवढंच ऐकू आलं.

"ओ," आई म्हणाली.

सगळा व्हरांडा वळून बघायला लागला. कुणीतरी फिसकन हसलं.

"अहो ताई," शिपाईमामा दारातून ओरडले, "इथे हाजर म्हणायचं असतं. ओ काय? परसात आहात का?"

आई उठून चालायला लागली होती. मी मागून फरश्या मोजत होते. नवव्या फरशीवर तिनं आणखी एकदा, पहिल्यापेक्षा मोठ्यानं, अगदी खांबापाशी ऐकू जाईल अशी, ओ दिली.